दत्ताभाऊंची पट्टी

आमचे पेडण्याचे शेजारी दत्ताभाऊ परब यांच्या दाराला घंटा नाही. होती, ती त्यांनीच काढली. तिथे मोडक्या टाइपरायटरच्या कळा बसवल्या होत्या. येणाऱ्याने आपलं नाव दाबायचं. आतल्या खोलीतल्या यंत्रातून ते अरुंद कागदी पट्टीवर टकटक छापून यायचं, मग दत्ताभाऊ दार उघडायचे. तुम्ही खिडकीतून दिसत असलात तरी ते आतून ओरडायचे, "रव रे, छापून येवंदे!" मासळीवाली रुक्मिणी डोक्यावर टोपली धरून एका बोटाने 'रु' शोधायची. तो सापडेपर्यंत बांगडे नरम पडतात, अशी तिची तक्रार असायची.

तरुणपणी दत्ताभाऊ डिचोलीत एका खाण कंपनीच्या कचेरीत होते. तिथे तारयंत्रातून निरोपाची पट्टी यायची. यंत्र भंगारात गेलं, दत्ताभाऊ निवृत्त झाले. पण टकटक डोक्यातून गेली नाही. ज्यातून शेअरबाजाराचे भाव पट्टीवर उतरत, ते टिकर यंत्र घरी बनवायचं त्यांनी ठरवलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुटे भाग आले. चाक शिलाई मशीनचं, स्प्रिंग भिंतीवरच्या घड्याळाची, आणि वर काचेचा घुमट म्हणून सुमतीवहिनींची लोणच्याची बरणी उलटी. ती तेव्हा रिकामी होती का, हा वाद त्या घरात अजून मिटलेला नाही.

"फोन आसा मां तुमच्याकडे?" कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "फोनावर येता ता जाता, कागदावर येता ता रवता."

पंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी जाहीर केलं की निकाल आपल्या सोप्यावर, पुढच्या ओसरीत, पट्टीवर येणार. भाच्याने यंत्र त्या दिवसापुरतं सोप्यावर आणून त्याला फोन जोडून दिला. माणसं जमली. सगळ्यांच्या खिशातल्या फोनवर निकाल कधीच आला होता. यंत्र अजून पहिल्या उमेदवाराचं आडनाव छापत होतं. विजयाची मिरवणूक ताशे वाजवत, फटाके फोडत दारावरून गेली, तेव्हा दत्ताभाऊंनी हात वर केला. "घाई करू नकात. अजून काय ठरूक नाय." पडलेला उमेदवार मात्र त्यांच्याच बाकावर शेवटपर्यंत बसून होता. गावात तेवढ्या एका ठिकाणी तो अजून हरला नव्हता.

वहिनींना हे सगळं असह्य होई. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या आणि ते वाड्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, टोकापर्यंत ऐकू जायचं. आम्ही आमचं घड्याळ त्यांच्या ओरडण्यावर लावत असू.

गेल्या वर्षी वहिनींच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. मुलीने पाटी आणून दिली. पण पाटी समोरच्या माणसालाच दाखवता येते. गॅसपाशी उभं राहून सोप्यावरच्या नवऱ्याला पाटीने कसं झाडणार? वहिनी मिटून गेल्या. ताट वाढायच्या आणि आत जायच्या. वाडा इतका शांत झाला की आम्हालाच चुकल्यासारखं वाटू लागलं.

एक दिवस दत्ताभाऊंनी दारावरच्या कळा काढल्या आणि गॅसच्या ओट्याला स्क्रूने बसवल्या. यंत्र सोप्यावर आणलं. वहिनींनी कळांवर हातपुसणं टाकलं आणि तिकडे ढुंकून पाहिलं नाही. दत्ताभाऊ रोज यंत्राशेजारी पेपर घेऊन बसत. पान उलटायचं मात्र विसरत.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो आणि यंत्र अचानक टकटकलं. दत्ताभाऊंच्या हातातला पेपर पडला. त्यांनी पट्टी धरली, चष्मा लावला, खाकरले, आणि वहिनींच्या थेट त्या सुरात, बारीक आवाज काढून किंचाळले, "ओ! खंय मेल्यात? नारळ कोण सोलतलो, तुमचो काको?"

पलीकडच्या घरातली शेवंता खिडकीत धावली. "अगे बाय! वहिनीचो आवाज इलो?"

दत्ताभाऊ पट्टी धरून तसेच उभे होते. नारळ सोलायला जायचंही त्यांना भान नव्हतं. तेवढ्यात यंत्र पुन्हा सुरू झालं. मी वाकून वाचलं.

"माझो आवाज इतको बारीक नाय. मोठ्यान वाचा."

त्यांनी मोठ्यान वाचलं.