लेल्यांचे मासे

आमच्या सारसोळ्याच्या बाजारात लेले येतात ते मासे घ्यायला नाही, भेटायला. पाटीवर वाकतात, चष्मा वर सरकवतात आणि मेलेल्या पाकटाला म्हणतात, "अरे, परवा मालवणला तुझा भाऊ दिसला! मजेत होता."

माझी बायको तिथंच मासे विकते. ती विचारते, "मंग न्या ना नातेवाइकाला घरी. कापून देते." लेले कानांवर हात ठेवतात. माणूस पक्का शाकाहारी.

ते समोरच्या सोसायटीत राहतात. रिटायर झाल्यावर लोक गुडघ्याला तेल लावतात, यांनी पाठीला हवेची टाकी लावली. मालवणला जाऊन समुद्रात बुड्या मारतात आणि आले की आधी माझ्या ओट्यावर.

"तांडेल, नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे! विषारी झुपक्यात घर करून राहतो. अगदी माझ्या नाकासमोर आला."

"मग धरला का नाय?"

"हात लावायचा नसतो. फक्त बघायचं."

"देवळात जाता का समुद्रात?"

मी जन्मभर खाडीत होडी चालवली. माणसानं पाण्याच्या वर राहावं, हे माझं मत. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण मत पक्कं.

पाण्याखाली पहिला नियम म्हणे श्वास रोखायचा नाही. लेले तो जमिनीवरही चालवतात. सोसायटीत पार्किंगवरून दोघं एकमेकांच्या कॉलरला गेले, तर हे मध्ये घुसून ओरडले, "श्वास रोखायचा नाही!" दोघंही गपकन थांबून श्वास घेत बसले.

लेलेवहिनींना लकवा मारला, तेव्हापासून त्या अंथरुणावर. बोलणं गेलं. जेवायला तोंड उघडत नाहीत. मग लेले पाण्याखाली पाहिलेला एकेक मासा अंगानं करून दाखवतात. वहिनी बघायला लागतात, तोंड उघडतं आणि मऊ भाताचा चमचा आत जातो.

गेल्या आठवड्यात लेले ओट्यावर येऊन नुसते बसले.

"तांडेल, माझे मासे संपले."

कानाच्या डॉक्टरनं बुडी कायमची बंद केली होती.

"जुनेच दाखवा की."

"तोंड फिरवते. काल एक मनानं बनवला, तर डोळे वटारले. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या."

मी त्यांच्याबरोबर वर गेलो. लेल्यांनी डोक्याला, कानांना, बनियनला कपड्यांचे चिमटे लावले आणि काटेवाला मासा होऊन खोलीभर तरंगले. वहिनी भिंतीकडे बघत राहिल्या. भात गार होत चालला.

"सारसोळ्यात कुनाला सांगायचं नाय," मी लेल्यांना दम दिला. लुंगी खोचली आणि फरशीवर पालथा पडलो. आमच्या खाडीचा निवटा चिखलावर पुढच्या परांनी चालतो, डोळे डोक्यावर काढून. मी कोपरांवर चालत, डोळे वर करून पलंगाच्या पायाशी आलो आणि त्याच्यासारखी उडी मारली. गुडघा कडकन वाजला.

वहिनींची मान वळली. ओठ थरथरले, उघडले. लेल्यांनी झटक्यात चमचा पुढं केला.

वाटी संपली तसे ते माझ्या शेजारी फरशीवर आडवे झाले. "कोपर असं? की बाहेर?" विचारताना एका हातानं चष्म्याखालून डोळे पुसत होते.

"ऱ्हाऊ द्या लेले, पुसू नका," मी म्हटलं. "निवट्याचे डोळे ओलेच असतात."