लाटेचा बांध

प्रथम वाचकांची क्षमा मागतो. माझे आयुष्य माध्यमिक शाळेत इतरांचे निबंध तपासण्यात गेले. स्वतः काही लिहावे, हे धाडस निवृत्तीनंतरचे आहे. तेही अशा माणसाविषयी, जो मला पुरता कळला आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. लिहिताना काही चुकले, तर ती चूक माझी समजावी, अप्पांची नव्हे.

आमच्या माकणी गावात भानुदासअप्पा माझे शेजारी आहेत. वय सत्तरीच्या पुढे. रोज सकाळी धारा काढून झाल्या की ते दाराचे जुने सागवानी कवाड काढून अंगणात आडवे टाकतात, त्यावर पालथे निजतात, दोन्ही हातांनी बाजूची माती मागे ओढतात आणि एकाएकी उठून, गुडघे वाकवून, हात पसरून उभे राहतात. क्षणभर समोरच्या गोठ्याकडे गंभीरपणे पाहतात. मग पुन्हा निजतात.

रस्त्याने जाणारे थांबतात.

"अप्पा, कुठवर आलात?"

"सोलापूर मागं पडलं," अप्पा पालथ्या अवस्थेतच सांगतात.

"बुडचाल बरं का."

"बुडाय पानी लागतं. तुझ्या बोरला तरी हाय का?"

याचे कारण त्यांचा मुलगा बालाजी. तो कोकणातल्या एका किनाऱ्यावर सर्फिंग शिकवतो, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत कसे यावे, ते लोकांना दाखवतो. तोवर समुद्र न पाहिलेल्या अप्पांना हे काम मुळीच अवघड वाटले नाही. ढेकळे फोडताना कुळवाला वजन यावे म्हणून आमच्याकडे माणूस त्यावर उभा राहतो. "कुळवावर उभं ऱ्हायलेला मानूस हाय म्या," ते म्हणत, "लाट काय बैलापरीस आडमुठी आसती व्हय?"

त्या कवाडाविषयीही सांगितले पाहिजे. वडिलांच्या घराला दोन कवाडांचे दार होते. भावाभावांत वाटणी झाली, तेव्हा एक कवाड अप्पांनी घेतले आणि दुसरे धाकट्या गणपतरावांनी. घराच्या मधोमध भिंत आली आणि दोघांच्याही दारांत उरलेल्या जागी पत्रा. वाटणीनंतरही काही वर्षे बोलणे होते. मग शेताचा बांध आडवा आला. नांगरताना दर हंगामात थोडा थोडा बांध आपल्याकडे ओढणे, याला आमच्याकडे बांध कोरणे म्हणतात, आणि तसे गणपतरावांनी केले असा अप्पांचा आरोप होता. गणपतरावांचा हाच आरोप अप्पांवर होता. सरकारी मोजणी झाली. ती दोघांनाही पटली नाही. तेव्हापासून अप्पा भावाचे नाव घेत नाहीत. "पलीकडचा" म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात अप्पा कोकणात निघाले आणि मलाही सोबत नेले. "तुमी शिकल्यालं मानूस. वाटंत पाट्या वाचचाल," एवढेच कारण त्यांनी दिले.

तो किनारा शांत होता. लाटा सावकाश येत, पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर चढत आणि तिथे फुटत. अप्पांनी पहिला दिवस नुसते पाहण्यात घालवला. संध्याकाळी, लाट जिथे उठत होती त्याच्या सरळ रेषेत, किनाऱ्यावर त्यांनी बांबूची एक खुंटी ठोकली. "ही आपली जागा," ते म्हणाले.

सकाळी लाट खुंटीपासून बरीच दूर, माडांच्या बाजूला उठत होती. अप्पा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कोरला," ते म्हणाले.

"काय कोरला, अप्पा?" बालाजीने विचारले.

"बांध. राती कुनीतरी कोरला."

"अप्पा, खालची वाळू सरकती. उंचवटा जाईल तिकडं लाट जाती. रोजचंच हाय हे."

"मग मोजनी कशी करायची?"

"करायचीच न्हाई. ती जितं उठंल तितं आपन जायचं."

अप्पांनी खुंटी हलवून पाहिली. "रोज बांध हालतो," ते म्हणाले, "आन कोर्टात कुनीच जात न्हाई?" दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटी नव्या जागी ठोकली. तिसऱ्या दिवशी ती उपटून बालाजीच्या चुलीत घातली.

उभे राहणे मात्र त्यांना खरोखरच जमले. डोक्यावरची टोपी न काढता ते फळीवर उभे राहत. पण प्रत्येक वेळी, तोल सावरताच, ते मागे वळून पाहत आणि पडत. "अप्पा, मागं बघू नका," बालाजी ओरडून ओरडून थकला. टोपी शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

परतल्यानंतर एका सकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"बालाजीला दोन फळ्या ठिवाय सांगितल्यात."

मी घाबरलो. "अप्पा, मला पाण्याचे भय वाटते. माझ्याकडून ते होणार नाही."

"तुमच्यासाठी न्हाईत, सर."

मग जमिनीकडे पाहत बोलू लागले. "ल्हानपनी कुळवावर आमी दोघं ऱ्हायचो. म्या म्होरं, गनपत मागं, माजी कंबर धरून. एकल्याचं वजन पडत नव्हतं. तितं फळीवर उभं ऱ्हायलो की कंबर मोकळी लागती. बघाय जातो, आन पडतो."

कित्येक वर्षांत भावाचे नाव मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

"आणि बांध?" मी विचारले.

"सरकंल तिकडं सरकंल. म्या गेलो तर त्यो दार लावंल, सर. तुमी सांगा."

ज्यांची उत्तरे मला आधीच ठाऊक असत, असेच प्रश्न मी जन्मभर विचारले. दुसऱ्याच्या घरात शिरून असे काही सांगणे माझ्या स्वभावात नाही. तरी गेलो. वाटेत एक वाक्य जुळवले होते: आपल्या ज्येष्ठ बंधूंची अशी इच्छा आहे की. गणपतराव दारातच उभे होते, एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला ते दुसरे कवाड. माझे वाक्य अर्ध्यावर तुटले. उरलेले मी जमेल तसे सांगितले.

"पडतो व्हय त्यो?" त्यांनी विचारले.

"पडतात."

"कशानं?"

"मागे पाहतात. कुळवावर कंबर धरणारे कुणी होते, म्हणतात."

गणपतराव बराच वेळ कवाडावरून हात फिरवीत राहिले.

"कवा निघायचं म्हनला?"

ते मी विचारलेच नव्हते. विचारण्यासाठी परत आलो, तर अप्पा मधल्या भिंतीशी उभे होते. सारे ऐकू गेले असावे; ते पुन्हा पुन्हा टोपी नीट करीत होते.

वाचकहो, आपल्याही भिंतीपलीकडे कुणी आहे का?