कोलूचा डावा पाय

घुग्घुसमध्ये फुटबॉल पाहणारे पाच हजार असतील, पण समजणारा एकच आहे. तो म्हणजे मी! हेमराज, वय शेहेचाळीस, खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन. 'नवजीवन फुटबॉल क्लब'चा अकरा वर्षं राइट बॅक होतो आणि गुडघा गेल्यापासून क्लबचा माइकवाला आहे. मैदानावर बाकीचे खेळतात, मी मत देतो. माझं मत ऐकून रेफ्रीने एकदा निर्णयसुद्धा बदलला होता. आमच्याविरुद्ध बदलला, पण बदलला ना!

यंदाच्या हंगामाची सुरुवात भद्रावतीला शून्य-शून्य बरोबरीने झाली. आमचे फॉरवर्ड बारशाला आलेल्या पाहुण्यांसारखे वागत होते. सगळे बॉलकडे कौतुकाने पाहत होते, उचलायला कोणी तयार नाही! मग क्लबचे सेक्रेटरी इसरूभाऊ यांनी धावपळ करून दोन नवे खेळाडू आणले.

पहिला गोलकीपर प्रणित. उंची सहा फूट. मी काहीही बोललो की "हो भाऊ" म्हणायचा. मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, खेळाडू असावा तर असा!

दुसरा कोलू. आलापल्लीकडचा, तेवीस वर्षांचा फॉरवर्ड. इसरूभाऊंनी त्याला कोळशाच्या वजनकाट्यावर काम लावून दिलं होतं. मी त्याला सरावात अर्धा तास पाहिलं आणि बोलावून घेतलं.

"बॉल फक्त उजव्या पायानं मारतो काऊन बे? डावा पाय घरी ठेवून आला का?"

कोलू हसला. "जोहार, भाऊ," म्हणाला आणि पुन्हा पळायला गेला. उत्तर नाही, "हो भाऊ" नाही, काही नाही! मी तिथेच ओळखलं, हा पोट्टा काही चालणार नाही.

दुसरा सामना घरच्या मैदानावर. मी माइकवरून साऱ्या घुग्घुसला सांगितलं, "रसिकहो, आपल्या नव्या फॉरवर्डचा डावा पाय फक्त उभं राहण्यासाठी आहे! याच्याकडून गोलची आशा धरू नका!" माझं 'नका' संपायच्या आत त्याने उजव्या पायाने गोल मारला. मी म्हटलं, "हा योगायोग आहे!" त्याने दुसरा मारला. मग लोकांनी माझ्याकडे बघून असा काही गलका केला, की कोळशाचे ट्रकवाले रस्त्यावर ट्रक थांबवून पाहायला लागले.

आणि त्या गर्दीत, पहिल्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवत कोण होतं? माझी बायको, नीलिमा! लग्नाला अठरा वर्षं झाली, ही बाई एकदाही मैदानावर आली नव्हती!

"तू इथी कशी?" मी विचारलं.

"कोलूचा खेळ पाहाले आली," ती म्हणाली. "माह्या गावचा हाये ना."

नीलिमाचं माहेर आलापल्लीचं. तिचे वडील तिथे लाकडाच्या डेपोत कामाला होते. हे मला माहीत होतं. मात्र मी पहिल्या पाळीला गेलेलो असताना इसरूभाऊ घरी येऊन कोलूच्या राहण्याचं विचारून गेले होते आणि ती "हो" म्हणून मोकळी झाली होती, हे माहीत नव्हतं. घरी पोहोचलो तर आमच्या पुढच्या खोलीत कोलूची पिशवी खुंटीवर आणि माझं फुटबॉलचं जुनं बक्षीस खाटेखाली!

त्या दिवसापासून माझ्या घरात माझी बदली झाली. मी कामावरून आलो की, "हात धुवा, वाढते." कोलू आला की, "दमला असशीन ना रे? पाय पसरून बैस आधी!" मला वांग्याची भाजी, त्याला वांग्याची भाजी आणि दोन अंडी. मी म्हटलं, "मले अंडी कायले नाई?"

"तुमी कोणता गोल मारला?"

ती आणि कोलू तासन्‌तास आलापल्लीच्या गोष्टी करत बसायचे. मधेच गोंडीत काहीतरी बोलून खो-खो हसायचे. गोंडीतलं मला एक अक्षर कळत नाही, त्यामुळे मी पक्कं धरून चाललो की ते माझ्याबद्दलच बोलत आहेत. पानठेल्यावर गेलो तर तिथेही कोलू. "कोलू काय धावते, भाऊ!" वर्कशॉपात फोरमनसुद्धा, "हेमराज, तुमच्या घरी राह्यते ना तो? नशीब काढलं!" वीस वर्षं मी या गावाला फुटबॉल समजावून सांगितला, तेव्हा कोणी माझ्या घरी राहणाऱ्या माणसांना नशीबवान म्हटलं नाही! पोटात अशी आग पेटली होती की माझ्यावर भाकरी भाजून निघाली असती.

मग मी एक बेत केला. पुढचा सामना कोरपन्याच्या संघाशी होता. त्यांचा कॅप्टन सुनिल. त्याला कोलूची कमजोरी कळली, की कोलूचा फुगा फुटणार. क्लब एक सामना हरला असता, मान्य. पण माझं मत खरं ठरलं असतं! सामन्याच्या दहा दिवस आधी भर दुपारी मी घरामागे पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो, मोबाइलवर रुमाल धरला आणि घोगऱ्या आवाजात बोललो, "हॅलो, सुनिल का?"

"हो. बोला हेमराजभाऊ. सर्दी झाली का?"

मी रुमालाची आणखी एक घडी घातली. "कोण हेमराज? मी... मी एक शुभचिंतक!"

"बरं, शुभचिंतक भाऊ. बोला."

"नवजीवनचा कोलू फक्त उजव्या पायानं खेळते. त्याले डावीकडे ढकला. डाव्या पायानं त्याच्याकडून काई होत नाई!"

"तुमी आमाले काऊन सांगून राह्यले?"

"खेळ चांगला व्हावा म्हणून!" एवढं बोलून मी फोन कापला. हे बोलताना मला जराही लाज वाटली नाही. लाज नंतर आली, हप्त्याहप्त्याने.

दुसऱ्याच दिवशी घरात काहीतरी विचित्र सुरू झालं. मी दुसऱ्या पाळीला निघालो, अर्ध्या वाटेत आठवलं की डबा विसरला. परत आलो तर पुढचं दार लोटलेलं आणि घरामागून नीलिमाचा आवाज.

"अस्सं! आता हळू. घाई नको करू. आणखी एक डाव, कोणी पाहून नाई राह्यलं!"

आणि धप्प! असा आवाज. मी घरातून धावत मागे गेलो. नीलिमा पदर खोचून उभी, चेहरा लाल. कोलू घामाने चिंब. दोघांच्या मधे काही नाही.

"काय चाललं इथी?"

"उंदीर," नीलिमा म्हणाली.

"उंदीर?"

"मोठा होता, भाऊ," कोलू म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य!

पुढचे आठ दिवस आमच्या घरामागे रोज उंदीर निघाला. भिंतीवर गोल गोल काळे डाग पडले. माझ्या वाळत घातलेल्या बनियनवर छातीच्या बरोबर मधोमध असाच एक डाग आला. मी विचारलं तर नीलिमा म्हणते, "घुग्घुसच हाये, कोळसा उडते." कोळसा एवढा गोल होऊन कधीपासून उडायला लागला? मला झोप लागेना, जेवण जाईना. तिने मला कधी "आणखी एक डाव" असं म्हटलं होतं? आठवून आठवून डोकं दुखलं. लग्नात उखाणा घेतानासुद्धा तिने एकदाच घेतला होता!

सामन्याचा दिवस उजाडला. मी माइक घेऊन बसलो. शिट्टी वाजली आणि कोरपन्याच्या दोन माणसांनी कोलूची उजवी बाजू सरळ भिंत घालून बंद केली. डावीकडे मात्र मोकळं रान! मी मनात म्हटलं, आता बघा मजा. कोलूने बॉल डावीकडे घेतला. मी माइकवर म्हणालो, "रसिकहो, आता बॉल हातचा गेला—"

बॉल जाळ्यात गेला. डाव्या पायाने!

मला वाटलं, चुकून लागला असेल. दहा मिनिटांनी दुसरा. डाव्या पायाने. कोरपनावाले बिचारे माझ्या शब्दाला इतके जागले, की हाफटाइमनंतर तिसरा माणूसही उजवीकडे आणून उभा केला. तिसरा गोल. चौथा गोल. सगळे डाव्या पायाने! पहिल्या रांगेत नीलिमा उड्या मारत होती आणि ओरडत होती, "खांदा आत घे! हां, अस्सा!" शेवटी आम्ही चार-एकने जिंकलो. त्यांचा तो एक गोल प्रणितने "हो भाऊ" म्हणत सोडला असावा.

लोक मैदानात घुसले. तेवढ्यात सुनिल घामाघूम होऊन तरातरा माझ्या टेबलापाशी आला. माइक चालू होता. साऱ्या घुग्घुसला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "शुभचिंतक भाऊ! दगा देल्ला ना आमाले! डावीकडे ढकला म्हणे! फोन करून खोटं सांगतलं!"

मी मनात राजीनामा लिहायला घेतला. इसरूभाऊ माझ्याकडे आले, माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि...

"हेमराज!" त्यांनी मला मिठी मारली. "काय डोकं लावलं गा! दुश्मनाले फसवून तुमी डाव्या पायापुढे आणून उभं केलं!"

"अन् म्हणून माइकवरून डाव्या पायाची बदनामी करत होता का भाऊ?" कोणीतरी ओरडलं. "आधीपासूनची प्लॅनिंग!"

आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं. चार गोल मारणारा कोलू चालत होता आणि फितूर माणूस खांद्यावर! खरं सांगायचं, तर वर फार छान वाटत होतं. मग माझं लक्ष खाली गेलं. नीलिमा एकटीच उभी होती. टाळ्या वाजवत नव्हती. नुसती माझ्याकडे पाहत होती, एखाद्या टेस्टरने वायरीत करंट आहे का बघावं तशी.

पुढच्या रविवारी सकाळी क्लबमध्ये माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, सगळं. त्याआधी कोलू माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुमी माह्या खोलीकरता तुमचं बक्षीस काढून ठेवलं, मले बरं नाई वाटलं. मी थे पुसून परत जागेवर ठेवलं." मी बक्षिसावरून दोन हप्ते त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मी ठरवलं, आता खरं बोलायचं.

माइक हातात घेतला. "मित्रहो, मी काही डोकं लावलं नाही. मी फितुरी केली! कोलूवर जळत होतो म्हणून फोन केला!"

टाळ्या! इसरूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "पाहा! एवढा मोठा माणूस, पण केवढी नम्रता!"

"नम्रता नाही! मी खरंच हलकट आहे!"

आणखी टाळ्या! मागून कोणीतरी "हेमराजभाऊ जिंदाबाद" सुरू केलं.

"अहो, त्याचा डावा पाय कोणी तयार केला तेही मला ठाऊक नाही!"

"बाईनं केला," कोलू उभा राहून म्हणाला. "नीलिमाबाईनं. नऊ दिवस, घरामागच्या भिंतीवर. बाई शाळेत असताना डेपोच्या ग्राउंडवर पोट्ट्यायसंगं फुटबॉल खेळत होती. आमच्याकडे म्हाताऱ्या लोकायले अजून आठवते."

आता मात्र कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी वळून नीलिमाकडे पाहिलं. इसरूभाऊ म्हणाले, "बाई, खरं हाये का?"

नीलिमा उभी राहिली. आधी पदर सावरला. मग म्हणाली, "तुमचा लेफ्ट हाफ बॉल आल्यावर मागं वळून पाह्यते. तिथं अर्धा सेकंद जाते. अन् प्रणित कॉर्नरले लाइन सोडत नाई, त्याले दोरी बांधून ठेवल्यासारखं." असं ती पाच मिनिटं बोलली. मी अकरा वर्षं खेळलो, नऊ वर्षं माइकवर बोललो, यातलं एकही वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. प्रणितने मान डोलावली. "हो बाई!" दगाबाज!

इसरूभाऊंनी माझ्या खांद्यावरची शाल अलगद काढली, नीलिमाच्या खांद्यावर घातली आणि जाहीर केलं, की यंदाच्या हंगामातला क्लबचा तिसरा नवा माणूस म्हणजे नीलिमाबाई. मंगळवारपासून सराव तीच घेणार. नारळ माझ्याकडेच राहिला, कारण तो परत मागायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी जाताना मी मोटरसायकल चालवत होतो, ती मागे बसली होती. कोलू मुद्दाम पायी मागे राहिला होता.

"तू खेळत होती, हे मले कधी सांगतलं नाई?" मी विचारलं.

"लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगतलं. तुमी म्हणले, अरे वा, अन् मले ऑफसाइड समजावून सांगाले लागले."

"मग ग्राउंडवर कधी आली काऊन नाई?"

"तुमी कधी चाल म्हणलं?"

मी गिअर बदलला. थोडं पुढे गेल्यावर धीर करून विचारलं, "पण कोलूले डावा पाय शिकवाचं तुले एकाएकी सुचलं कसं?"

"टाकीच्या वरतीच सयपाकघराची खिडकी हाये."

समोरून ट्रक आला, धूळ उडाली. मी गाडी बाजूला घेतली आणि धूळ खाली बसेपर्यंत थांबलो.

"म्हणजे तू फोनवरचं सगळं ऐकलं? अन् मले एका शब्दानं बोलली नाई! मले तर वाटलं का तुले राग आला असन."

"आल्ता ना," नीलिमा म्हणाली. "थे चार गोल कायचे वाटले तुमाले?"