वळूची प्रतिक्रिया मिळू शकली नाही

मी लिहिलेली सूचना वाचून चूक करणारा प्राणी अजून जन्माला यायचाय! नांदेडच्या एका दैनिकात सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासलेला माणूस हे सांगतोय. म्हणून तर निवृत्तीनंतर पुतण्यानं, सोमेशनं, लातूरला त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बोलावलं तेव्हा मी एका तासात बॅग भरली.

सोमेशनं एक प्रोग्राम बनवलाय. त्याला हे लोक एजंट म्हणतात. आपण नुसतं काम सांगायचं; तो स्वतः ब्राउझर उघडतो, बटणं दाबतो, अर्ज भरतो, व्हॉट्सॲपवर निरोपही धाडतो. मात्र कोणतं हत्यार कधी वापरायचं, हे त्याला लिहून द्यावं लागतं. त्या सूचनांची पुस्तिका लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

"काका, सोपी ठेवा," सोमेश म्हणाला.

"सोपी म्हणजे ढिली नव्हे!" मी सुनावलं. क्लिक केव्हा करायचं, पान उघडेपर्यंत किती थांबायचं, हे लिहिलंच. वर बातमीदारीचे नियमही घातले. रकाना रिकामा सोडू नये. एकाच्याच सांगण्यावर विसंबू नये, दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यावं. आणि मजकूर बदलला, तर पुन्हा घ्यावं.

पहिलं गिऱ्हाईक उदगीरहून आलं. अमृतराव, धान्याचे आडते. आवाज असा, की जणू कुणी पोतं आपटतंय! त्यांचा देवणी वळू शंभू पशुप्रदर्शनात उतरवायचा होता आणि नोंदणी त्याच दिवशी पाचला बंद होणार होती.

"दोन साल झाले, देवणी गावचे शिवलिंगअप्पा पहिले अन् माझा शंभू दुसरा," ते म्हणाले. "औंदा सोडत न्हाई. नोंद झाली, की तुमचं मशीन घेतलं समजा!"

पावणेपाच वाजले होते. "पाच मिनिटांचं काम!" मी म्हणालो.

सोमेशनं काम सांगितलं. पडद्यावरचा बाण आपोआप पळू लागला.

"आयला, भुतानं धरल्यावानी पळायलंय!" अमृतराव खुर्ची पुढे ओढून बसले. अर्ज भरला जाऊ लागला.

नाव : शंभू, असे मालकाचे म्हणणे.

जात : देवणी. दुजोरा मिळू शकला नाही.

स्वभाव : वळूशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता प्रतिक्रिया मिळू शकली नाही.

"म्हंजे?" अमृतराव माझ्याकडे वळले. "शंभूला फोन लावला का ह्यानं?"

"तशी पद्धत आहे."

"कोणाची?"

माझी, हे सांगायचं मी टाळलं. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली : दुसऱ्या बाजूचे म्हणणे मागवले आहे.

"दुसरी बाजू कोण?" सोमेशचा आवाज चिरकला.

एजंटनं प्रदर्शनाच्या संकेतस्थळावरून गेल्या वर्षीच्या विजेत्याचा नंबर शोधला होता! शिवलिंगअप्पांना निरोप गेला होता : 'आपला वळू जातिवंत असल्याचा अमृतराव यांचा दावा आहे. यावर आपले काय म्हणणे?'

अप्पांचं म्हणणं दोन मिनिटांत आलं. "वळू कसला, म्हशीचा हेला हाय त्यो! खूर वाकडे, चाल नवरीवानी!" एजंटनं ते 'विशेष माहिती'च्या रकान्यात जसंच्या तसं भरलं.

"खामखा माझ्या शंभूची इज्जत काढायलंय!" अमृतराव उठून उभे राहिले. "पुसा ते!"

मी पुसलं. एजंटला मजकूर बदललेला दिसला. त्यानं अप्पांना तत्परतेनं कळवलं : 'आपले म्हणणे वगळण्यात आले आहे. यावर आपले म्हणणे?'

यावर अप्पांचं म्हणणं जरा लांब होतं; तेही रकान्यात चढलं. मी पुन्हा पुसलं. एजंटनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या खेपेला अप्पा शंभूच्या आईवर घसरले.

"काका, माउस सोडा! एजंट बंद करून मी हातानं भरतो!"

"थांब रे, 'असे मालकाचे म्हणणे' तेवढं काढू दे. वाचायला बरं दिसत नाही!"

मी ते काढलं. वाचलं. चांगलं वाटलं. पडद्यावर पाटी आली : नोंदणीची मुदत संपली आहे.

अमृतराव मटकन बसले. "सकाळीच धुतलं होतं हो त्याला," ते हळू म्हणाले. "शिंगाला तेल बी लावलं."

मला त्या पडद्याआड जाऊन बसावंसं वाटलं. इतक्यात अमृतरावांचा फोन वाजला. शिवलिंगअप्पा! आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"काय रे अमृता, दर दोन मिनिटाला माझं म्हणणं मागायलास! गेला का तुझा फारम?"

"न्हाई, अप्पा. टाइम संपला."

"वाटलंच मला. मी मैदानात हाय. इथं कागदावर बी नोंद घ्यायलेत. पाचाच्या आधीच लिवून टाकलं शंभूचं नाव."

"तुम्ही? अप्पा, तुम्ही लिवलं?"

"मग! त्यो नसला तर हरवू कोणाला मी?"

अमृतराव पोट धरून हसले, मग उपरण्यानं डोळे पुसले. "सोमेश, मशीन घेतो मी," ते म्हणाले. "सांगितलेलं इमानदारीनं करतं बिचारं."

सोमेशचा चेहरा उजळला. मीही जरा ताठ बसलो.

"फकस्त त्याच्यासंगं साहेबांचं ते पुस्तक देऊ नका."

सोमेशनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा सांगायला उठलो. दुकानात निदान तेवढं खातं अजून माझ्याकडे होतं.