सात टाके

"माझ्या ऑपरेशनला तुझं विणकाम येणार नाही!" नानांनी घरातून निघतानाच ठणकावून सांगितलं. "दवाखाना आहे तो. चार सभ्य माणसं असतात. तिथे सुया काढून बसलीस, तर टेबलावरून उठून घरी येईन!"

"बरं," माई म्हणाल्या.

माई इतक्या सरळ 'बरं' म्हणाल्या की कुणालाही संशय यायला हवा होता. पण नाना पडले नकाशा कचेरीतले हेड ड्राफ्ट्समन. सरळ रेषेवर त्यांचा फार विश्वास!

तसं त्या काळी विणणाऱ्या बायका जिथे तिथे दिसायच्या. गाडीत शेजारी बसलेली अनोळखी माणसं त्यांच्या सुयांकडे बघत राहायची आणि उतरताना "बाह्या लांब ठेवा हं, पोरं वाढतात" असं सांगून जायची. आता सगळ्यांच्या माना फोनात. फार आठवतात ते दिवस! पण त्या दिवसांतही माई म्हणजे कहर होत्या. त्या बसच्या रांगेत विणायच्या. दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून विणायच्या. सिनेमाला गेल्या तर अंधारात विणायच्या, आणि नायिका रडायला लागली की त्यांचा वेग वाढायचा. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची आणि नाना खुर्चीत घसरत घसरत दिसेनासे व्हायचे.

ऑपरेशन हर्नियाचं होतं. ते छान झालं. "सात टाके घातलेत," डॉक्टर म्हणाले. "जपा. खोकू नका, वाकू नका, मोठ्याने हसू नका." नाना एरवीही मोठ्याने हसत नसत, त्यामुळे त्यांना हे पथ्य सोपं गेलं.

शेजारच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर होता. त्याचा प्लास्टरमधला पाय वर दोरीला टांगलेला. खोलीच्या दाराबाहेर व्हरांड्यात स्टुलावर दवाखान्याचा एकुलता एक फोन. आणि माई रोज येताना छत्री आणायच्या. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी छत्री! काळजीने बायकोचं भान हरपलंय, असं नानांना वाटलं. त्यांना मनातून बरंही वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी माईंना वाटलं की नानांचा डोळा लागलाय. त्या हळूच बाहेर गेल्या आणि त्यांनी बहिणीला फोन लावला. नाना जागेच होते.

"ताई, मीच. हळू बोलतेय, आत हे झोपलेत. अगं, घोटाळा झालाय! सात टाके गळालेत."

नानांचे डोळे टक्क उघडले.

"हो, साती! पोटापाशीच. चांगली दोन बोटं जातील एवढं भोक पडलंय."

नानांचा हात पांघरुणाखालून पोटाकडे निघाला आणि भीतीने अर्ध्या वाटेवरून परत आला.

"छे गं, यांना कळू द्यायचं नाही! कळलं तर संपलंच... डॉक्टर? त्यांना कशाला सांगू? त्यांना काय कळतंय यातलं?"

मग बराच वेळ ताई बोलत असाव्यात.

"मीही तेच म्हणते. आधीच जुना, त्यात कितीदा उसवायचा? जीवच राहिला नाही त्याच्यात. अजून गळा व्हायचाय, तो वेगळाच! त्यापेक्षा हा देते सोडून आणि सरळ नवा धरते. रंग तरी मनासारखा मिळेल!"

नाना रंगाने सावळे होते. मरणाचं एक वेळ ठीक, पण हे त्यांना फार लागलं.

"ड्रायव्हरसाहेब," ते खोल आवाजात म्हणाले, "सात टाके गळाले तर माणूस किती वेळ काढतो?"

"घातले होते किती?"

"सात."

ड्रायव्हरने बोटांवर वजाबाकी केली. "म्हणजे शिल्लक काहीच नाही की हो!" असं म्हणून त्याने घंटेचं बटण दाबलं ते सोडलंच नाही.

सिस्टर जेवायला गेल्या होत्या. वेळ थोडा आहे हे ओळखून नानांनी तापाचा तक्ता ओढला, उलटा केला आणि त्याच्या मागच्या बाजूवर घराचा नकाशा काढायला घेतला. कपाटाची किल्ली कुठे, विम्याचे कागद कुठे, गळक्या नळाचा कॉक कुठे, सगळं प्रमाणबद्ध! उत्तर दिशेचा बाण काढायलाही ते विसरले नाहीत. आपण गेल्यावर बायको घरात अंधारात चाचपडेल या विचाराने त्यांचे डोळे भरून आले आणि स्वयंपाकघराची भिंत जराशी वाकडी गेली.

तेवढ्यात माई आत आल्या. "अहो, ही घंटा कसली?"

"बैस," नाना म्हणाले. "मला सगळं कळलंय. मध्ये बोलू नकोस. जाण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. सव्वीस वर्षं सांगायची राहिली."

माई खाटेच्या कडेवर टेकल्या.

"आपला पहिला प्रवास आठवतो? नवं लग्न, समोरासमोरच्या दोन खिडक्या. तुझा लोकरीचा लाल गुंडा बाकाखालून घरंगळत डब्याच्या पार टोकाला गेला आणि तू त्याच्या मागे. तिकीट तपासनीस त्या लोकरीत पाय अडकून आडवा झाला. उठून त्याने मला विचारलं, 'ती बाई तुमच्याबरोबर आहे का?' आणि मी..." नानांनी तक्ता चेहऱ्यापुढे धरला. "मी म्हटलं, छे! मी ओळखतसुद्धा नाही हिला!"

ड्रायव्हरने बटणावरचं बोट काढलं.

"सगळा डबा हसत होता, मला लाज वाटली. तेव्हापासून लाजतच आलो. आणि खरं सांगू? तुझ्या सुया वाजत असल्या ना, की मला बरं वाटतं गं. इथे चार दिवस धड झोप नाही, कारण त्या वाजत नाहीत. मी गेल्यावर खुशाल विण. बसमध्ये विण, सिनेमाला विण. हवं तर मला पोचवायला येशील तेव्हाही विण!"

"अहो, पण तुम्ही निघालात कुठे?"

"सात टाके गळालेत ना? मी ऐकलं सगळं!"

माईंनी छत्री उचलली आणि उघडली. तिच्यातून आधी दोन सुया आल्या, मग तपकिरी लोकर, आणि मग एक बिनगळ्याचा स्वेटर, ज्याच्या पोटाला खरोखरच दोन बोटं जातील एवढं भोक होतं.

"तुमचाच आहे," माई म्हणाल्या. "जुना उसवून नव्याने विणायला घेतलाय. घरी जाताना अंगावर चढवायचा होता. तुमची झोप लागली की बाहेर बाकावर बसून विणत होते."

ड्रायव्हर असा हसला की त्याचा टांगलेला पाय झोके घेऊ लागला. सिस्टर धावत आल्या, मागोमाग डॉक्टर. पट्टी सोडून पाहिली तर नानांचे साती टाके जागच्या जागी! डॉक्टरांनी तापाचा तक्ता मागितला. त्यावर ताप कमी आणि विम्याचे कागद जास्त दिसत होते.

संध्याकाळी माई खाटेशी उघडपणे विणत बसल्या. खोलीत सुया वाजत होत्या. नाना डोळे मिटून पडले होते, पण मनातली बोच जात नव्हती. शेवटी त्यांनी विचारलंच, "त्या तपासनिसाबद्दल तू काही बोलली नाहीस. रागावलीस?"

माईंनी आधी ओळ संपवली, टाके मोजले.

"तो पुढे माझ्याकडे आला होता. माझं तिकीट बघितलं आणि हळूच म्हणाला, 'बाई, जपून असा. तो समोरच्या खिडकीतला माणूस तुमच्या ओळखीचा नाही म्हणतो, पण मघापासून नजर काढत नाहीये तुमच्यावरून.'"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बघू दे बिचाऱ्याला. दिसायला तरी बरा आहे."

नाना असे काही लाल झाले, की सिस्टरने येऊन पुन्हा ताप मोजला.