बॅटरी संपून राहिली गा

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी धोटेकाकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, चष्मा लावला, टेबलावरचं लाल पेन उचललं आणि माझ्यादेखत तपासायला घेतली. ‘आशिर्वाद’मधली ‘शि’ दीर्घ केली. आमच्या मामांच्या नावावरचा एक अनुस्वार उडवला. शेवटी समासात सही करून पत्रिका मला परत दिली आणि म्हणाले, "आता छापायला हरकत नाही."

पत्रिका छापून झाल्या होत्या, निम्म्या वाटूनही झाल्या होत्या. तसं सांगितल्यावर काकांचा चेहरा असा पडला, की लग्न मोडल्याची बातमी मीच त्यांना दिली असं मला वाटलं.

धोटेकाका आमचे शेजारी. मानेवाड्याकडच्या आमच्या कॉलनीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. नोकरीभर ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली तरी ते काम काही सुटलं नाही. कॉलनीच्या पाणीकपातीची सूचना, पापडाच्या पुड्यावरचा मजकूर, डॉक्टरच्या दारावरची पाटी, सगळीकडे त्यांचा एकच प्रश्न: "तपासून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

बोलणंही तसंच, छापल्यासारखं. अख्खं नागपूर ‘मले’ आणि ‘काहून’ म्हणत असताना हा माणूस ‘मला’ आणि ‘कशासाठी’ म्हणणार. कोथिंबिरीला आम्ही सगळे सांबार म्हणतो, हे भाजीवाल्याकडे कोथिंबीरच मागायचे. एकदा भाजीवाल्याने जुडी बांधता बांधता विचारलं, "काका, तुम्ही इकडचे नाही वाटते?" काकांनी जुडी पिशवीत टाकली. ते मूळचे कुहीजवळच्या एका खेड्यातले, धानाची शेती असलेल्या घरातले, हे मला फार उशिरा कळलं.

काकू भिवापूरच्या. त्यांचं नाव कुसुम. काकांच्या अगदी उलट, बोलायच्याच नाहीत. गेलं की "या, बसा. चहा घेणार का?" एवढी दोन वाक्यं, तीही जपून, पायाखाली काच असल्यासारखी. माझी बायको म्हणायची, "काकू चांगल्या आहेत, पण जरा शिष्टच." मलाही तसंच वाटायचं.

या घरात टॅब मी नेला. माझ्याकडे एक जुना पडून होता. कंपनीने त्याला नवं काही द्यायचं केव्हाच बंद केलं होतं, पण पडदा मोठा आणि चांगला होता. काकांना वर्तमानपत्रं वाचायला मोबाईल छोटा पडत होता, म्हणून त्यांना देऊन टाकला. भाषा मराठी करून दिली. तिथेच माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. "सुनील, हा टॅब चार्जिंगला लावला की ‘आकारणी सुरू आहे’ असं लिहून येतं. कसली आकारणी?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या हातात वही होती आणि तिच्यात अशा चुकांचं पानभर टिपण. सगळ्यात मोठा घाव एका बटणाने घातला होता. त्यावर लिहिलं होतं ‘सर्व स्पष्ट करा’. आता इथे तरी काहीतरी समजावून सांगतील म्हणून काकांनी ते दाबलं, तर उघडी असलेली सगळी वर्तमानपत्रं पुसली गेली.

त्यांनी कंपनीला चार पानी पत्र पाठवलं, चुकांच्या तक्त्यासह. तिकडून यंत्राने लिहिलेलं तीन ओळींचं आभाराचं उत्तर आलं. त्यात दोन चुका होत्या. काकांनी त्या दुरुस्त करून उत्तर परत पाठवलं. मग मात्र तिकडून काहीच आलं नाही.

दुसरा कोणी असता तर टॅब इंग्रजीत करून मोकळा झाला असता. काका शोधत बसले. आणि त्यांना कळलं, की टॅबच्या आत कंपनीने जे घातलेलं असतं ते सगळं काढून टाकता येतं आणि हौशी लोकांनी बनवलेली वेगळी प्रणाली त्यात घालता येते. तिला ‘कस्टम रॉम’ म्हणतात. फुकट मिळते, आणि तिच्यातली मराठी कोणीही सुधारू शकतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

"काका, टॅब कायमचा बंद पडू शकतो," मी म्हणालो.

"ते त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्याच ओळीत. हमी नाही, आपापल्या जबाबदारीवर करावे. प्रामाणिक माणसं आहेत."

सूचनांची पानं त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली आणि प्रुफं वाचावीत तशी ओळीवर पट्टी ठेवून वाचली. एका रविवारी दुपारी माझा लॅपटॉप त्यांच्या टेबलावर आला. बाहेर मे महिना, खोलीत कूलरची घरघर. टॅब तापू नये म्हणून काकांनी तो कूलरच्या तोंडासमोर ठेवला होता आणि स्वतः घामाने निथळत होते. मी एकेक आज्ञा टाइप करायचो, ते छापील कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे आणि "पुढे" म्हणायचे.

टॅब सुरू झाला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. अर्धा तास फिरला, तास फिरला, चहा झाला तरी फिरतच होता. काका समोर खुर्ची टाकून बसले, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसावं तसे. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हाही गोल फिरतच होता.

दोन दिवस काका दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते खाली मान घालून. "आपण जी फाइल घातली ती या टॅबची नव्हतीच. मॉडेलच्या नावात एका अक्षराचा फरक आहे." मग चष्मा काढून, "ते नाव मी तपासलं होतं."

त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकत होतो. मी फक्त एवढंच म्हणालो, की अक्षर फारच बारीक होतं.

बरोबर फाइल घातल्यावर टॅब पाच मिनिटांत उठला. त्यानंतरचे दोन महिने काकांचे सुखाचे गेले. रोज संध्याकाळी मला फाटकावरून हाक यायची आणि नवा शोध दाखवला जायचा. घड्याळ डावीकडे नेता येतं, मध्ये आणता येतं, त्यात सेकंदही दाखवता येतात. आवाजाचं बटण दाबून धरलं की पुढचं गाणं लागतं. पडद्यावर दोनदा टिचकी मारली की टॅब झोपतो. हे दाखवताना त्यांनी टॅब इतक्या वेळा झोपवला, की मलाच जांभया यायला लागल्या. पण त्यांचा खरा जीव जडला तो वाचनासाठीच्या सोयीवर. ती लावली की सगळे रंग जाऊन पडदा काळापांढरा होतो. "छापल्यासारखं दिसतं," ते म्हणाले आणि बराच वेळ पाहत राहिले.

ती प्रणाली या टॅबसाठी तयार करणारा माणूस होता पोलंडचा. काका त्याला ‘पोलंडचे साहेब’ म्हणत आणि ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू होणारी पत्रं लिहीत. महिनाभरात त्यांनी मराठीच्या शेकडो ओळी दुरुस्त करून पाठवल्या आणि साहेबाने त्या घातल्या. आकारणी गेली, चार्जिंग आलं. ‘सर्व स्पष्ट करा’चं ‘सर्व पुसा’ झालं. मला वाटलं, संपलं आता.

मग ऑगस्टमध्ये एक दिवस काका हातात टॅब न घेताच आले.

"काल भिवापूरहून हिच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला होता," ते म्हणाले. "टॅबवर. मी आत होतो. सुनील, ही अर्धा तास बोलत होती. हसत होती. मोठ्याने. ‘मले’, ‘तुले’, सगळं. कोणा मावशीची नक्कल केली. मलाही हसू आलं, म्हणून मी बाहेर आलो. मला पाहिलं आणि लगेच म्हणाली, ‘बरं, मी तुला नंतर फोन करते.’ आणि ठेवला. तुला, असं म्हणाली. स्वतःच्या बहिणीला."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"लग्न झालं तेव्हापासून मी तिचं बोलणं दुरुस्त करत आलो. ‘मले’ नाही, ‘मला’. माझंही कोणी तसंच केलं होतं. छापखान्यात पहिल्या दिवशी मी साहेबाला म्हटलं, ‘मले काम समजावून सांगा.’ सगळे हसले. हिला कोणी हसू नये म्हणून मी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अर्धवट वाक्य सोडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवी वही सुरू केली. टॅबमधली सगळी मराठी वऱ्हाडीत, काकूंच्या बोलीत, करायची. अडचण एकच होती. चाळीस वर्षं घासून घासून त्यांची स्वतःची वऱ्हाडी निघून गेली होती. म्हणून ते काकूंना विचारायला गेले.

"‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ हे तुमच्याकडे कसं म्हणतील?"

काकू भाजी चिरत होत्या. "अ‍ॅप प्रतिसाद देत नाही," त्या म्हणाल्या.

"तसं नाही. घरी, भिवापूरला, कसं म्हणतील?"

"माझी परीक्षा घेता का?"

आठ दिवस हेच चाललं. मी तिथे असताना नवव्या दिवशी काकांनी वहीतलं स्वतःचं वाक्य वाचून दाखवलं: "‘हे अ‍ॅप ऐकत नाही राहिला.’ बरोबर आहे का?"

काकूंना राहवलं नाही. "असं कोण म्हणते? ‘हे अ‍ॅप ऐकूनच नाही राहिलं’ म्हणा," त्या म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. काकांनी ते वाक्य लिहून घेतलं, जसंच्या तसं, आणि पुढचं विचारलं. ‘प्रतीक्षा करा’चं ‘थांब जरासाक’ झालं. ‘नेटवर्क उपलब्ध नाही’चं ‘नेटवर्क नाही भेटून राहिलं’. ‘बॅटरी कमी आहे, कृपया चार्जर जोडा’ला काकू म्हणाल्या, "एवढं लंबं कायले? ‘बॅटरी संपून राहिली गा, चार्जर लाव’ लिहा."

वही भरली, ओळी पोलंडला गेल्या. आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या. मराठी तपासणारा दुसरा कोणी स्वयंसेवक होता. त्याने काकांच्या प्रत्येक ओळीवर लाल खूण करून बाजूला एकच शब्द लिहिला होता: अशुद्ध.

पोलंडच्या साहेबाने सभ्यपणे विचारलं होतं, की या टंकनाच्या चुका आहेत का.

काकांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं, असं काकू म्हणाल्या. टॅबवर उत्तर लिहून तयार होतं. काकांनी तो माझ्या हातात दिला. "पाठवायच्या आधी तू एकदा वाच. काही चुकलं असेल तर सांग."

इंग्रजीतलं ते उत्तर छोटं होतं. ‘महोदय, मी एकोणचाळीस वर्षं मुद्रितशोधक होतो. चूक कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. या ओळींत एकही चूक नाही. माझी पत्नी असं बोलते. तिने त्या तपासून दिल्या आहेत.’

मी म्हणालो, "पाठवा."

दिवाळीच्या आधी नवी फाइल आली. मराठीच्या खाली वऱ्हाडी असा वेगळा पर्याय. काकांनी ती टॅबमध्ये घातली आणि टॅब काकूंसमोर ठेवून स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकूंनी चष्मा लावून एकेक पान उघडलं. मग म्हणाल्या, "अजी, हे मले गा म्हणून राहिलं. मी का माणूस आहो?"

पुरुषाला ‘गा’ म्हणतात, बाईला ‘वं’, हे काका विसरले होते; ओळी सांगताना काकू त्यांच्याशी बोलत होत्या, म्हणून सगळीकडे ‘गा’च आलं होतं. त्यांनी वही उघडली आणि पहिल्या ओळीपासून परत बसले. एवढ्यासाठी पोलंडच्या साहेबाला त्रास नको म्हणून तो बदल त्यांनी घरच्या टॅबपुरता केला. त्यात पंधरा दिवस गेले. आता तो टॅब जो हातात घेईल त्याला ‘वं’ म्हणतो. मला म्हणतो, गॅसवाल्याला म्हणतो. काकांना सुचवून पाहिलं, की पुरुषांसाठी वेगळी सोय करता येईल. ते म्हणाले, "गरज नाही."

परवा मी त्यांच्याकडे काही कामाने गेलो. दार उघडंच होतं. काकू पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि मिरचीच्या दिवसांतलं काहीतरी सांगत होत्या. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, वारं सुटलेलं, आणि लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे ठसकून ठसकून बेजार झालेले. हात हलवत, नकला करत सांगत होत्या. काका समोर खुर्चीत होते. मला दोघांनीही पाहिलं नाही.

काकू मध्येच हसायला लागल्या आणि त्यांना पुढे बोलताच येईना. काका मग तरुणपणी सोडलेला शब्द तोंडात नीट बसतो की नाही याची खात्री नसल्यासारखे हळूच म्हणाले, "मंग? मंग काय झालं वं?"

काकूंनी डोळे पुसले आणि पुढे सांगायला लागल्या. मी माझं काम उद्यावर टाकलं आणि फाटक आवाज न करता लावून घेतलं.