महानंदेच्या नडग्यांची खांदमळणी

श्री. शके अठराशे पंच्याण्णव, प्रमादी नाम संवत्सरी, श्रावण अमावास्येचे सुमारास तेरणाकाठच्या मौजे बोरवंडी येथे जो रणप्रसंग गुदरला, त्याची ही हकिकत. मागील सालचा दुष्काळ थोर, त्यात विहिरी आटल्या आणि दावणी ओस पडल्या, आणि अभिमान धरावा ऐसी एकच चीज गावात शिल्लक राहिली, ती शाळेतील मुलींची खो-खोची फौज. लेखणी दुबळी आहे. पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ जाहली असेल, ती जाणत्यांनी सांभाळून घ्यावी.

या फौजेचे सरलष्कर कवायतीचे मास्तर उत्तरेश्वर गुरुजी. पुरुष मोठा जिद्दीचा, गळ्यातील शिट्टी जेवतानाही न उतरवणारा. पोळ्यापासून तिसरे दिवशी तेरच्या मैदानी तालुक्याचे सामने मुक्रर जाहले आणि तेरकरांची फौज बळकट ऐसी खबर आली, तेव्हां गुरुजींनी फर्मान काढले की पहाटे पळावे, मधल्या सुटीत पळावे, सांज पडता पुन्हा पळावे, विसावा घेईल तो फितूर समजावा.

फौजेची मुख्य समशेर महानंदा, भिमाबाईची नात. तिची हूल पाहून भले भले धरणारे जमिनीवर लोळत. परंतु पहाटे पळावे, मग टँकरच्या रांगेत घागर धरावी, मग शाळा, मग पुन्हा पळावे, यात पोरीच्या दोन्ही नडग्या सुजून टणक जाहल्या. तिने गुरुजींस कळ सांगितली, तो हुकूम जाहला की पळाल्याने कळ पळते. मग एके सांजे महानंदा पाटीत उकिडवी बसली असता मागून गडिणीने पाठीवर थाप देऊन "खो" दिला, आणि महानंदा उठेना. पुन्हा दिला, तरी उठेना. गुरुजी धावत आले आणि वाकून पाहतात तो समशेर बसल्या जागी घोरत आहे. गुरुजींनी याचा अर्थ सराव कमी पडतो ऐसा लावला आणि पोळ्यास शाळेला सुटी, सबब दिवसभर मैदानी हजर राहावे, न येईल तिचे नाव संघातून काटावे, ऐसा ताकीदपत्राचा मजकूर तोंडी फिरवला.

ते सांजे भिमाबाईच्या अंगणी बैलांची खांदमळणी चालली होती. जोडी तीच, जी तिने दुष्काळात छावणीला नेऊन जगविली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांस हळद-लोणी चोळून म्हातारी रीतीप्रमाणे बैलांच्या कानी बोलली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." इतक्यात महानंदा लंगडत आली आणि उंबऱ्यावर बसून रडू लागली की उद्या पळाले तर पाय जातो, न पळाले तर नाव जाते. म्हातारीने हातातील उरल्या लोण्याकडे पाहिले, नातीच्या नडग्यांकडे पाहिले आणि त्या नडग्या मळल्या. मग तिच्याही कानाशी वाकून तेच आवतण दिले, आणि शेजारची कडूबाई कुंपणावरून पाहत होती, तीस साक्षीस ठेविले.

पोळ्याचे प्रातःकाळी गुरुजी फौजेनिशी दारी चालून आले आणि शिट्टीची सरबत्ती केली. भिमाबाई दार अडवून उभी.

"गुरुजी, पोर निजलीय. तिला आवतण दिलंय म्या."

"आजी, ती बैल हाय का?"

"बैलाला तरी अमावास्येला सुटी असती. तुमी तिला त्येवढी बी ठिवली न्हाय."

गुरुजींनी मोर्चा उठविला नाही, आणि दूध सोसायटीचे चेअरमन श्रीपतीराव यांस कुमकेस बोलाविले. फौजेस चड्ड्या-बनियन सोसायटीनेच दिलेल्या, सबब त्यांचा शब्द वजनदार. चेअरमन बैलांची शिंगे रंगविता रंगविता तसेच आले, हाती हिंगुळ. मग पारावर मसलत बसली की दोन पायांच्या जिवास खांदमळणी लागू होते किंवा कसे. कोणी म्हणाले, खांदा मळला नाही, नडगी मळली, सबब रद्द. त्यावर कडूबाई कडाडली, "आरं, बैल वढतो खांद्यानं, पोरगी पळती नडगीनं. जिथं जू तिथं लोणी!" चेअरमनांनी विचारिले, आवतण कानात दिले की मोघम? कानात, ऐसी साक्ष पडली. तेव्हां चेअरमनांचा चेहरा उतरला.

"गुरुजी, आवतण दिलेल्याला जुंपायचं पाप मला लावू नका. माझी बी चार जनावरं हायेत."

आणि निवाडा दिला की ज्यास आवतण, त्याने पुरणपोळी खाऊन निजावे. हे ऐकताच बाकीची फौज जी उधळली, ती घरोघर नडग्या पुढे करून बसली. दुपारपावेतो बोरवंडीत हळद औषधास उरली नाही. गुरुजी एकटेच मैदानी उभे राहून दोन खांबांमध्ये शिट्टी वाजवीत होते. महानंदा दिवसभर निजली, मध्ये पुरणपोळीपुरती उठली आणि पुन्हा निजली. दुसरा दिवसही तैसाच गेला, कारण चेअरमनांनी बैलांसही कामाला लावले नव्हते आणि पोरींस कोणत्या तोंडाने लावावे!

तिसरे दिवशी सोसायटीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून फौज भिमाबाईसह तेरकडे कूच जाहली. महानंदेच्या नडग्यांची सूज उतरलेली. तिने तेरकरांस ऐसे खेळविले की त्यांचे गडी खांबास धडकून आपसांत भांडू लागले, आणि पाटीत बसली असता तिला "खो" मिळताच ती बाणासारखी सुटली. ढाल बोरवंडीस आली.

परतीस सर्वांस ट्रॉलीत घेतले. गुरुजींचे डोळे लाल, आणि फौज निजत होती त्या दोन्ही रात्री सरलष्करांनी चिंतेने टक्क जागून काढल्या, हे तेव्हां उमगले. भिमाबाईने पदराखालून लोण्याची वाटी काढिली, गुरुजींचा सदरा सरकवून दोन्ही खांदे मळले आणि कानात आवतण दिले. गुरुजींनी नाही म्हटले नाही.

नदी ओलांडण्याआधीच ते निजले, शिट्टी तोंडातच राहिली. श्वासागणिक शिट्टी वाजे, आणि ढालीभोवती पसरलेल्या फौजेतील एकही मुलगी उठली नाही. ऐसी फत्ते जाहली. गुरुजींस कोणी उठवू नये, हा चेअरमनांचा हुकूम सोबत नमूद केला असे.